तिसऱ्या माणसाचं भाडं

"तीन माणसांचो हिशेब धरा," आई काचेपलीकडच्या माणसाला म्हणाली.

त्या माणसानं मान वर केली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग आमच्या पाठीमागच्या बाकाकडे. बाकावर आमची कापडी पिशवी होती आणि पिशवीतून डोकावणारा छत्रीचा दांडा. दुसरं कुणी नव्हतं.

"पासपोर्ट दोनच दिसतायत, मावशी."

"दोनच आसत. हिशेब तिघांचो."

"दोघींचाच धरा," मी मध्ये पडले. "मी आणि आई. दुबईला चार दिवस. तिकिटं काढून झालीत, हॉटेलही झालंय. वरच्या खर्चापुरते दिरहम हवेत."

पणजीच्या बाजारातल्या एका जिन्याखाली ते दुकान होतं. भिंतीवर काळ्या पाटीत लाल आकडे लुकलुकत होते, प्रत्येक देशाच्या झेंड्यापुढे त्या देशाचा भाव. आई त्या झेंड्यांकडे देवळातल्या दीपमाळेकडे बघावं तशी बघत होती. दुकानातल्या माणसाचं नाव नाटेकर. आईची बोली ऐकल्यावर तो हसला आणि त्यानं पेन खाली ठेवलं.

"खंयचे तुमी?"

"वेंगुर्ल्याचे. तुमी?"

"सावंतवाडी. म्हणजे शेजारीच की." मग माझ्याकडे वळून तो पुन्हा दुकानाच्या मराठीत आला. "ताई, जेवण-चहा, येणं-जाणं, थोडी खरेदी. दोघींना एवढ्यात होईल." त्यानं आकडा यंत्रावर दाबून यंत्र काचेला टेकवलं.

आईनं आकडा वाचला नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि नोटा काउंटरवर काढून ठेवल्या. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या. जाळी विणून मिळालेले पैसे. त्यांना नायलॉनच्या दोऱ्याचा आणि कापराचा वास होता. तिकिटांचा आणि हॉटेलचा खर्च मी माझ्या पगारातून केला होता. कुडाळच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचे. पण वरखर्चाला माझा पैसा तिनं लावू दिला नाही. "तो माझ्याच हातचो होयो," एवढंच म्हणाली.

नाटेकरांनी नोटा मोजल्या, कागदावर सह्या घेतल्या, परक्या देशाच्या नोटा पंख्यासारख्या पसरून दाखवल्या. आईनं त्या हातात घेतल्या आणि उलट्यासुलट्या केल्या.

"ह्यो कागद झालो. माका नाणी होयी."

"नाणी आम्ही ठेवत नाही मावशी. कुठल्याच दुकानात मिळायची नाहीत. तिथं उतरलात की एक चहा घ्या, नोट मोडेल, मूठभर नाणी येतील."

"थंय मोडलेला चलाचा नाय. हंयसून नेवक होया."

"असं का?"

"कोणाक आणूक जाता तो माणूस परतीचा भाडा घरसून नेता. थंय जावन कोणापुढे हात पसरतलो?"

नाटेकरांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा थबकलं. "कोणाला आणायला जाताय?"

आई नोटांच्या कडा सारख्या करत बसली. मी घाईनं म्हणाले, "कुणाला नाही. फिरायला चाललोय."

पंखा फिरत होता. लाल आकड्यांतला एक बदलला. नाटेकर उठले, आतल्या कपाटावरून स्टीलची वाटी घेऊन आले आणि ती काउंटरवर कलंडवली. आखातातून परतलेले लोक खिशात उरलेली नाणी इथं बदलायला आणत, ती बदलून मिळत नाहीत म्हटल्यावर रागानं टाकून जात. त्या ढिगात बोट फिरवत त्यांनी तीन नाणी बाजूला काढली.

"ही घ्या. एक एक दिरहमची. ही बघा, ह्याच्यावर केटली आहे. तिकडचा राजा आपल्यासारखाच चहाबाज असणार."

आई हसली. मला आठवतंय, कारण त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसली होती. तिनं एकेक नाणं काउंटरच्या दगडावर टाकून वाजवलं, कान देऊन ऐकलं, मग पदरानं पुसलं.

"वाजता. किती देऊ?"

"काही नको. पडूनच होती."

"नको नको. फुकटच्या भाड्यान कोण येता?" तिनं पन्नासाची नोट पुढे सरकवली. "रुपयो थंय पावणा नाय. चलवून बघितलो एकदा."

कुणी, कधी, कुठे चलवून बघितला, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, काहीतरी बोलतेय. तिनं तिन्ही नाणी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातांनी आवळली. दुकानातून बाहेर पडताना ती गाठ तिच्या पोटावर घड्याळाच्या लोलकासारखी हलत होती.

माझा बाप यशवंत खवणेकर. गाव त्याला येसो तांडेल म्हणायचं. आमच्या घराण्यात तांडेलकी पिढ्यान्‌पिढ्यांची, पण त्याच्या वेळेपर्यंत गलबतं संपली होती. तो दुबईच्या खाडीतल्या एका मालाच्या लाँचवर लागला. वर्षा-दीड वर्षानं यायचा. येण्याची वेळ कधी ठरलेली नसायची. दार ढकलायचा आणि आत येऊन ट्रंक ठेवायचा, जणू शेजारून विडी ओढून आला असावा. ट्रंकेत साबण असायचे. मी साबणांचा वास घेत झोपायचे.

मी आठ वर्षांची असताना तार आली. लाँच खाडीच्या तोंडाशी नांगरून उभी होती, यशवंत पाण्यात पडला, देह मिळाला नाही. एवढंच. देह नाही म्हणून दिवस झाले नाहीत, आणि दिवस झाले नाहीत म्हणून आईचं कुंकू राहिलं. विहिरीवर बायका तिच्या कपाळाकडे बघत आणि बादलीत बघत.

मग मी अकरा वर्षांची असताना गावचा एक माणूस शारजाहून सुट्टीवर आला. जत्रेत खाजं खाताखाता तो कुणाला तरी सांगत होता, मी मागे उभी होते. "दुबयच्या भाजीबाजारात एक माणूस बघितलंय, डिक्टो येसो. दाढी होती. हाक मारीपर्यंत गर्दीत गेलो."

मी हे कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. पण तिला ठाऊक असणार असं मी धरून चालले. कारण आमच्या घराच्या पुढच्या दाराला तार आल्यापासून कधी कडी लागली नव्हती. दार नुसतं ओढून घेतलेलं असायचं. वारा आला की ते बोटभर उघडायचं, थांबायचं, परत मिटायचं, झोपलेल्याच्या छातीसारखं. कुत्री आत यायची, एकदा शेजाऱ्यांचं वासरू आलं. तरी आईनं कडी घातली नाही. मी मोठी झाले तसं मला कळलं, बाई वाट बघतेय. आणि वाट बघणाऱ्या माणसाला काही विचारायचं नसतं.

म्हणून ती जेव्हा अचानक म्हणाली, "माका दुबयक व्हर, गो," तेव्हा मी का म्हणून विचारलं नाही. मी तेव्हा सत्तावीसची झाले होते. वर्षभर पैसे साठवले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती ओसरीवर खर्च मांडून बसली. तिला आकडे लिहिता येत होते, पण खर्च ती चिंचोक्यांनीच मांडायची. मधल्या पायरीवर चिंचोक्यांच्या ओळी.

"हो सकाळचो चाय. हो दोपारचो भात. हो सांजेचो चाय. ही होडी."

प्रत्येक ओळीत तीन चिंचोके.

"आई, तिसरा कोणाचा?"

"असांदे गो. धर."

"धर काय? तिथं भाताचं एक ताट किती महाग आहे माहिती आहे? रोज तीन ताटं मागवणार? आणि खाणार कोण?"

"मी खाईन. भूक लागता माका." ती मान खाली घालून चिंचोके सारखे करत राहिली. "येताना इमानात तीन खुर्च्यांची रांग मिळात काय गो? दोन-दोनच्यो असतत तर काय करुचा?"

माझा आवाज चढला. "आई, वेडी झाल्यागत करू नकोस. तू तिथं जाऊन शोधणार कोणाला? एवढं मोठं शहर. आणि सापडला तर तो येईल? एवढ्या वर्षांत ज्याला यावंसं वाटलं नाही—"

आईनं वर पाहिलं. रागानं नाही. काहीतरी हरवलेलं अचानक समोर दिसल्यावर माणूस बघतं तशी ती बघत राहिली. मग तिनं एक चिंचोका उचलला, कपाळाला लावला आणि परत ओळीत ठेवला.

"जाव या तर खरे," ती म्हणाली.

दुबईत आमचं हॉटेल खाडीच्या जवळ होतं. खोलीची खिडकी एका भिंतीकडे उघडायची, पण खाडीचा वास यायचा. डिझेलचा, ओल्या दोरांचा आणि त्याखाली कुठेतरी आपल्याच वेंगुर्ल्याच्या बंदरातल्यासारखा खारट वास. आईनं पहिल्या सकाळी तो ओढून घेतला आणि डोळे मिटले.

दोन दिवस आम्ही नुसत्या फिरलो. खाडीच्या काठाला लाकडी लाँचेस एकीला एक लागून उभ्या असतात. धक्क्यावर टायर, फ्रीज, कांद्याची पोती, पंखे असा सगळा माल उघड्यावर पडलेला. खलाशी दोरीवर लुंग्या वाळत घालत होते. एका लाँचवर कुणीतरी मासळी तळत होतं. आई प्रत्येक लाँचच्या नाळेला, त्या पुढच्या उंच टोकाला, नजरेनंच हात लावत चालायची. मी माणसांचे चेहरे बघत होते.

आईसाठी बघतेय, असं मी मनाशी म्हणत होते. भाजीबाजारात मी एका वयस्क माणसाच्या मागे दोन गल्ल्या गेले. त्याचे खांदे उतरते होते आणि तो डावा पाय जरा आत टाकत चालत होता. तो वळला तेव्हा तो कुणीतरी दुसराच होता. त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मी परत आले तर आई कांद्यांच्या ढिगापाशी पिशवी सांभाळत उभी.

"खंय गेललंस?"

"भाव विचारायला."

"कोथिंबिरीचो?" ती म्हणाली.  जेवायला बसलो तेव्हा तिनं तीन थाळ्या मागवल्या. तिसरी आमच्या दोघींच्या मध्ये. वाढणारा पोरगा केरळचा होता. त्यानं विचारलं, "आदमी आता है?" आईनं मान डोलावली. थाळी निवली. मग आईनं ती पुढे ओढली आणि एक घास माझ्या, एक तिच्या, असा भात संपवला. सांडलं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाली, आणि पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. "होडयेतसून पलीकडे जाव या," ती म्हणाली.

त्या खाडीत इकडून तिकडे जायला लाकडी होड्या असतात. त्यांना ते अब्रा म्हणतात. छप्पर असतं, बाजू उघड्या असतात, मधोमध एक लांब बाकडं. माणसं एकमेकांकडे पाठ करून, पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसतात. भाडं माणशी एक दिरहम. जाताना मी नोट मोडली आणि दोघींचं भरलं. आईनं पदराची गाठ सोडली नाही.

पलीकडच्या तीरावर ती चढली, चार पावलं चालली आणि परत वळली. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर सगळ्यांत खालच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. शेवाळ होतं. मी तिचा दंड धरला.

"हांक मार," ती म्हणाली.

"कोणाला?"

"बापाशीक. माका नाव घेवक येना नाय. म्हणान तुका आणलंय."

मला काही कळेना. वर रस्त्यावर गाड्या वाहत होत्या, एक होडी धक्क्याला लागत होती, माणसं उतरत होती. आई हळू आवाजात बोलायला लागली, जशी ती जाळं विणताना बोलायची, नजर दोऱ्यावर ठेवून.

"माझो मामा तेरेखोलच्या तोंडार बुडलो. मी तेवा इतकी होतंय. आजयेन काय केल्यान, तरीच्या होडयेत जावन बसली. तरवाल्याक आपला भाडा दिल्यान. मामाचा भाडा पाण्यात घातल्यान. बाजूक जागा सोडल्यान आणि हांक मारल्यान. पाण्यात गेलेलो माणूस आपणान येना नाय गो. तेका वाट मिळना नाय. आणूक जावचा लागता. जेच्या पाण्यात गेलो तेच्या नाण्यान भाडा भरुचा लागता."

"आई—"

"तुझ्या काकान बाराव्या वर्साक आपल्या खाडयेत रुपयो घातलो, तुका म्हायत नाय. तू कालेजात होतंस. मी काय बोलाक नाय. पण माका तेवाच कळला. ह्येंच्या पाण्यात रवलेलो माणूस. तेका आपलो रुपयो कसो पावतलो?"

होडीचं इंजिन पुटपुटत होतं.  आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी जत्रेतल्या त्या संध्याकाळपासून कुणाजवळ बोलले नव्हते.

"आणि तो जिवंत असला तर?"

आईचा हात माझ्या हातात होता. तो आधी ताठ झाला आणि मग एकदम मऊ पडला.

"कोणी सांगल्यान तुका?"

मी सांगितलं. भाजीबाजार, दाढी, गर्दी. इतक्या वर्षांनी ते शब्द उघड्यावर आले तेव्हा ते किती लहान होते, मुठीत मावतील एवढे.

आईनं शेवाळावरचा पाय सावरला.

"तार इली त्याच दिवशी माका कळलेला," ती म्हणाली. "दोपारी मी हळद कांडी होतंय. मागसून कोणतरी ओलो हात पाठीर ठेवल्यासारखो झालो. वळलंय तर कोण नाय. तार सांजेक इली." मग थांबून, "मी समजत होतंय, तुका कळलेला आसा."

"मी समजत होते, तू वाट बघतेस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. मग ती म्हणाली, "हांक मार, चेडवा. तू मारलंस की येतलो."

मी तोंड उघडलं. 'बाबा' हा शब्द ओठांपर्यंत आला, पण मी तो काढला नाही. तो एकदा बाहेर पडला असता तर भाजीबाजारातला तो माणूस, कोथिंबिरीची जुडी घेतलेला, दाढीवाला, कायमचा मेला असता. मला तो मारता येईना. मी उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

 मग तिनं माझा हात सोडला. पदर डोक्यावरून घेतला. ती वाकली आणि परक्या मुलखाच्या त्या काळ्या, तेलकट पाण्यात तिनं उजव्या हाताची बोटं बुडवली. आणि माझ्या आईनं, जिच्या तोंडून मी जन्मात कधी ते नाव ऐकलं नव्हतं, लग्नाच्या मांडवात नवरीनं घ्यावं तसं, मान खाली घालून, लाजल्यासारख्या आवाजात नाव घेतलं:

"परमुलखाच्या पाण्याक उंबरो नाय, नाय कवाडा,
यशवंतरावांनू, चला घराक, भरलंय तुमचा भाडा."

दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा आवाज मोकळा होता, तरण्या बाईचा. मग तिनं ओला हात पदराला पुसला नाही. तसाच, कुणाचा तरी धरल्यासारखा, अंगापासून जरा दूर ठेवून ती पायऱ्या चढली आणि होडीकडे चालू लागली.

होडी भरत आली होती. आई आधी चढली. मग ती बाजूला सरकून उभी राहिली आणि थोडं थांबली. होडी किंचित कलली आणि सावरली. होड्या कलतातच. मग मी चढले.

बाकड्यावर आई बसली, हातभर जागा सोडली, पलीकडे मी. शेवटच्या क्षणाला एक उंच पठाण उडी मारून आत आला. त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. त्यानं ती रिकामी जागा पाहिली आणि बसायला वळला. आईनं फळीवर तळवा ठेवला. तिला हिंदी नीट येत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"यहाँ आदमी है," मी म्हणाले.

पठाणानं जागेकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि छपराचा खांब धरून उभा राहिला. सगळी खाडी ओलांडेपर्यंत तो उभाच होता. पाण्याचे तुषार आमच्या पायांवर येत होते. मी मान वळवली नाही. माझ्या डाव्या कुशीला ऊन लागत नव्हतं, असं मला वाटत राहिलं. छपराची सावली असेल.

होडीवाला भाडं गोळा करत आला. आईनं गाठ दातांनी सोडली. दोन नाणी त्याच्या हातावर ठेवली. खाडीच्या मध्यावर आल्यावर तिसरं नाणं तिनं पाण्यात सोडलं. फेकलं नाही. होडीवाल्याच्या हातावर ठेवावं तसं ठेवलं.

परतीच्या विमानात तीन खुर्च्यांची रांग होती. विमान भरलेलं होतं, माणसं वरच्या कप्प्यांसाठी भांडत होती, आणि मधली खुर्ची रिकामी राहिली. दार बंद होईपर्यंत मी प्रत्येक येणाऱ्याकडे बघत होते, हा इथं बसेल, हा बसेल. कुणी आलं नाही. खाणं वाटणारी मुलगी तिसरा ट्रे हातात घेऊन घोटाळली.

"ठेव गो," आई तिला म्हणाली. त्या मुलीला भाषा कळली नसणार, पण तिनं ठेवला.

गोव्याहून आम्ही गाडीनं निघालो. तेरेखोलच्या पुलावर आईनं ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगितली, काच खाली केली आणि एक रुपया नदीत टाकला. "आता आपलो चलता," ती म्हणाली, माझ्याशी नाही. आरोंद्याच्या चढावर तिनं बाहेर बोट दाखवून सांगितलं की इथं आता सिमेंटची घरं झालीत, पलीकडे पूर्वीची माडाची बाग होती ती मोडली. ड्रायव्हरनं आरशात माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं पायांवर पाणी घेतलं, माझ्या पायांवर ओतलं आणि उरलेलं उंबऱ्यावर रिकामं केलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तीन वेळा. देवाकडे दिवा लावला. मग परसात गेली. परत आली तेव्हा तिचं कपाळ धुतलेलं होतं आणि गळा मोकळा होता. तिनं मला पेज वाढली, स्वतः घेतली. दोनच ताटं मांडली. मी बघत होते.

जेवण आवरल्यावर ती पुढच्या खोलीत आली. दार वाऱ्यानं बोटभर उघडलं होतं.

"कडी घाल," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आज?"

"आता कोण येवचो आसा? सगळी आत इली."

"इतकी वर्षं तूच उघडी ठेवायचीस ना."

"मी?" आई खरंच चकित झाली. "मी खंय? तुझ्यासाठी गो. तार इली त्या राती मी कडी घालूक गेलंय, आणि तू अशी आरडलंस, अशी आरडलंस. बाबा इले नि परत गेले तर, म्हणालंस. माझो हात धरून लोंबाकळलंस. मगे मी घातलंय नाय. मी म्हटलंय, हिका आपणान कळांदे."

मला ते काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण माझ्या हाताला आठवलं असावं, कारण तो कडीपर्यंत जाऊन मागे आला. कडी गंजून चौकटीला धरली होती. मी ओढली, ती हलेना. आईनं स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं, बोटानं सांध्यात सोडलं, आणि माझ्या हातावर तिचा हात ठेवला. तेलकट, गरम. आम्ही दोघींनी मिळून ओढलं.

आज आई नाही. तिला जाऊन पाच वर्षं झाली. त्या घरात मी एकटी असते, आणि रोज दिवेलागणीला पुढचं दार लावते. पण कडी घालण्याआधी क्षणभर थांबते आणि मागे वळून माणसं मोजते.

मग घालते. सगळी आत असतात.